गोधडीला रोज सहा फूट जागा लागत नाही

पत्र सांगलीच्या गावभागातल्या एका ताईंचं आहे. वय ४२. भाड्याचं तळमजल्यावरचं घर. बाहेरची खोली १० बाय १२, आत स्वयंपाकघर, मागे मोरी. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत. २०१९ ला आणि २०२१ ला पुराचं पाणी घरात आलं होतं. घरात सासूबाई, कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारे मिस्टर, बारावीतला मुलगा आणि सातवीतली मुलगी. ताई माहेरून आलेल्या पायाच्या मशीनवर पिशव्या आणि पोटल्या शिवतात, गोधड्या हातावर शिवतात. महिन्याला एक गोधडी होते आणि ओळखीत १,८०० ते २,००० रुपयांना जाते. सामान दिवाणाखाली, माळ्यावर, दाराआड, पोत्यांत. जुन्या साड्याच चाळीसेक. रोज काम मांडायला पाऊण तास, आवरायला अर्धा. गेल्या महिन्यात चटईत राहिलेली सुई सासूबाईंच्या टाचेत गेली आणि त्या दिवशी मिस्टर म्हणाले, "तुझ्या चिंध्यांनी घर खाल्लं." भिशीचे ५,००० रुपये हातात आहेत. त्यात भर घालून १८,००० चं प्लायवूडचं कपाट हप्त्यानं घ्यावं, की गल्लीतल्याच एका बाईंची रिकामी खोली महिना २,००० भाड्यानं घ्यावी, असं त्या विचारतात. मोबाईलवर लोकांच्या क्राफ्ट रूम बघून शेवटी लिहिलंय, "मला हक्काची एवढीशी खोली कधीच मिळायची नाही का?"

ताई,

खोलीचं बोलूच, पण आधी तुमच्या पाऊण तासाचं बोलते.

मांडायला पाऊण तास आणि आवरायला अर्धा, म्हणजे झाला सवा तास. दुपारची भांडीकुंडी उरकून, मुलगी शाळेतून यायच्या आत, तुम्हाला मिळत असतील दोन-अडीच तास. त्यातला निम्मा वेळ पोती ओढण्यात जातो. कपाट आलं तर हा सवा तास वाचेल असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं दिसत नाही. आज जे दिवाणाखालून काढता ते उद्या कपाटातून काढाल, एवढाच फरक पडेल.

सामानाला तुमच्याकडे जागा आहे, गैरसोयीची का असेना. जागा नाही ती अर्धवट कामाला. निम्मी टाचलेली गोधडी, कापून ठेवलेले पिशवीचे तुकडे, नाडी ओवायची राहिलेली पोटली, हे सगळं संध्याकाळी कुठे जायचं ते ठरलेलं नाही. म्हणून ते रोज मोडून पोत्यात जातं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून जुळवावं लागतं. वेळ खातं ते हेच, आणि बाजारातल्या कुठल्याच कपाटात त्यासाठी वेगळा कप्पा नसतो.

गोधडीचंच घ्या. तिला सहा फूट बाय चार फूट जमीन लागते हे खरं, पण रोज लागत नाही. थर अंथरायचे, हातानं सुरकुत्या काढायच्या, कडेनं आणि मधून कच्चे टाके घालायचे, एवढ्यापुरतीच. तासा-दीड तासाचं काम, तेही तुमच्या वेगानं महिन्यातून एकदा. कच्चे टाके पडले की गोधडी गुंडाळता येते आणि पुढचा सगळा धावदोरा मांडीवर घेऊन घालता येतो. शिवायचा तेवढाच भाग उलगडायचा, बाकीची गुंडाळी शेजारी. आपल्याकडच्या बायकांनी वाकळा अंगणात नाहीतर देवळाच्या ओवरीत अंथरल्या आणि उंबऱ्यात बसून शिवल्या. वाकळेची म्हणून वेगळी खोली कुणाकडेच नव्हती. तुम्हाला गच्ची वापरता येत असेल तर गच्चीवर अंथरा, नाहीतर बाहेरच्या खोलीत. फक्त घरात आदल्या रात्रीच सांगून टाका, "उद्या दोन ते चार खोली माझी." महिन्यातल्या एका दुपारीला कुणी नाही म्हणत नाही.

मशीनचं तसं नाही. तिला कायमची जागा हवी, आणि ती मात्र संकोच न करता मागून घ्या. पायाच्या मशीनचा फळा साधारण तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद असतो. समोर स्टूल आणि तुमचे गुडघे धरले तर तीन फूट बाय चार फूट. खोली १२० चौरस फुटांची आहे, त्यातले हे १२. टीव्हीला भिंत आहे, देवाला कोनाडा आहे, बारावीला टेबल आहे; मशीनला एक कोपरा मागणं म्हणजे काही जास्तीचं मागणं नव्हे. मशीनचं डोकं फळ्याखाली मुडपणारं असेल तर काम नसताना फळा सपाट होतो आणि मुलीला लिहायला टेबल मिळतं. घरात बोलताना हा मुद्दा आधी काढा. कोपरा निवडताना खिडकी डाव्या हाताला येईल असं बघा, कारण मशीनची सुई डाव्या टोकाला असते. जुन्या घरांतून दुपारीसुद्धा अंधार असतो, तेव्हा वाकवता येणारा एक छोटा एलईडी दिवा घ्या. ५,००० मधली पहिली खरेदी ही. डोळे आणि मान यांच्यावर आधी खर्च करावा, डब्याबरण्यांवर नंतर.

कपाटाचं माझं मत विचाराल तर घेऊ नका. १८,००० म्हणजे तुमच्या नऊ-दहा गोधड्या, जवळजवळ वर्षाची मेहनत. शिवाय कपड्यांचं कपाट पावणेदोन-दोन फूट खोल असतं आणि शिवणाच्या सामानाला एक फूट पुरतं. खोल कप्प्यात पुढची रांग दिसते, मागची विसरली जाते. वर्षभरानं मागून तीच लेस निघते जी आपण परवाच कापड पेठेतून पुन्हा आणलेली असते. आणि तुमच्या घरात दोनदा पाणी येऊन गेलंय. प्लायवूडचं पाण्यात काय होतं ते पूर ओसरल्यावर रस्त्यावर आलेल्या फर्निचरच्या ढिगांत सगळ्या सांगलीनं बघितलंय.

भाड्याच्या खोलीचा हिशेब तर तुमच्या पत्रातच आहे. गोधडीचे १,८००, भाड्याचे २,०००. पिशव्यांचे पैसे मिळवले तरी वर्षाचे २४,००० काढायला तुम्हाला आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त काम करावं लागेल, आणि ते काम तुम्ही करणार कधी? तुम्हीच लिहिलंय की कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दोन ओळी घालून होतात. गल्लीच्या टोकाला असलेल्या खोलीत कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. घरातल्या बाईचा वेळ असा तुकड्यातुकड्यानं मिळतो तोवर काम हाताशी हवं. कुलूप उघडून जायची खोली आठवड्यातले चार दिवस बंदच राहील.

क्राफ्ट रूमचे ते व्हिडिओ खुशाल बघा, पण करमणूक म्हणून. पांढऱ्या फळ्यांवर रंगवार लावलेलं कापड डोळ्यांना छान दिसतं. उघड्यावरचं कापड मात्र उजेडानं विटतं, आणि आपल्याकडे स्वयंपाकघर दोन पावलांवर असल्यानं फोडणीचा तेलकटपणा आणि रस्त्याची धूळ मिळून महिन्याभरात त्यावर थर बसतो. ती मांडणी ज्यांच्याकडे दार लावून घ्यायला एक खोली शिल्लक आहे त्यांची.

आता पोती. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण तुमची खरी जागा इथेच अडकली आहे.

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते, म्हणजे १८ फूट. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे होतात. पन्हा ४५ इंच, म्हणजे पावणेचार फूट. एका माणसाच्या गोधडीला असा एक तुकडा म्हणजे एक पूर्ण थर. पाच-सहा थर धरले तर दोन साड्या लागतात; विरलेला, फाटलेला भाग सोडावा लागतो म्हणून अडीच धरू. चाळीस साड्या म्हणजे सोळा गोधड्या. महिन्याला एक या वेगानं तुमच्या दिवाणाखाली सोळा महिन्यांचं काम पडलंय, तेही नवीन साडी एकही आली नाही तर. आणि ती येणारच. गोधड्या शिवते म्हटलं की नणंद, शेजारीण, भिशीतल्या बायका, सगळ्या आपल्या घरातली अडगळ मोठ्या प्रेमानं तुमच्या घरी आणून टाकतात. यातल्या किती साड्या तुम्ही मागितल्या होत्या?

दहा साड्या ठेवा. म्हणजे पुढच्या चार गोधड्यांची बेगमी झाली. निवडताना दिसण्यावर जाऊ नका. कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणून बघा. टर्रकन फाटलं तर ती साडी आतल्या थरालासुद्धा नको. सुती आणि सिंथेटिक वेगळं करा. गोधडी ऊबदार आणि अंगाला मऊ लागते ती सुतीची. सिंथेटिक सुईखाली सरकत राहतं आणि नवशिक्याला रडवतं. राहिलेल्या साड्यांचं काय करायचं? ज्यांच्या आठवणीच्या असतील त्यांना, "याची गोधडी हवी असेल तर सांगा, शिवणावळ अमुक," असं म्हणून परत द्या. बाकीच्या भांडीवालीला द्या आणि बदल्यात झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. बटणांना होईल. यापुढे कुणी साडी आणली तर नाही म्हणायचं अवघड जातं, ते मला कळतं. त्यापेक्षा हसून सांगा की फॉल उसवून, धुवून, तीन तुकडे करून आणून द्या. दहातल्या आठ जणी परत येणार नाहीत, आणि ज्या दोघी येतील त्यांना खरंच गोधडी हवी असेल.

ठेवलेल्या दहा साड्या पोत्यात परत कोंबू नका. फॉल उसवा, धुवा, खडखडीत वाळवा आणि मगच तुकडे करा. धुण्यानं दोन कामं होतात. आटायचं ते कापड आधीच आटतं, आणि खळ निघून जाते. कसर लागते ती मुख्यतः खळीच्या लोभानं, त्यामुळे कडक कांजी केलेली साडी तशीच घडी घालून ठेवणं म्हणजे तिला आमंत्रण. मग एका गोधडीला लागणारे तुकडे एकावर एक ठेवून, काठाची पट्टी फाडून तिनंच बांधा. वर चिठ्ठी खोचा: कुणाची, केवढी, वरचा थर कुठला. "इरकलचा थर वर, सिंगल, दिवाळीच्या आत." असे चार गठ्ठे एकावर एक रचले तर फूटभर रुंदीच्या कप्प्यात बसतात. दिवाणाखालचं एक पोतं तरी कायमचं गेलं.

पोत्यांवरून आठवलं. सांगलीत हळदीची रिकामी पोती सहज मिळतात आणि सामान ठेवायला पुष्कळ जणी ती वापरतात. कापडाला चुकूनही वापरू नका. कितीही झटकलं तरी विणीत हळद राहते आणि पावसाळ्यात दमट हवा लागली की पिवळे डाग उतरतात.

भिंतीला खिळा नको म्हणतात ना घरमालक? मग दार वापरा. त्यासाठी विकत फारसं काही आणायचं नाही. तुमच्याकडे कापडही आहे आणि मशीनही. जुन्या जीन्स नाहीतर जाड सतरंजी घ्या. दोन फूट रुंद, पाच फूट लांब तुकडा पाठीला. त्यावर खिशांच्या चार आडव्या पट्ट्या, प्रत्येकीत तीन खिसे. खिसा सपाट शिवलात तर त्यात पोस्टकार्डाशिवाय काही मावणार नाही, म्हणून खालच्या कडेला दोन्ही बाजूंनी एकेक चुणी घ्या, पोट सुटतं आणि रिळांचा डबासुद्धा बसतो. नव्या चादरी ज्या पारदर्शक पिशवीत येतात ती कापून दोन-तीन खिशांना पुढून लावा. बटणं, हूक, लेस दिसत राहतात. वरच्या कडेच्या नेफ्यात काठी घाला आणि दाराच्या वरच्या कडेवरून अडकणाऱ्या दोन लोखंडी हुकांना टांगा. सगळ्यात वरची रांग कात्री, सुया आणि खडूची. मुलगी आता मोठी आहे, पण येणाऱ्याजाणाऱ्यांची पोरं असतात. दार उघडताना खिसे मागच्या भिंतीला घासणार नाहीत ना, तेवढं आधी बघून घ्या.

दुसरी खरेदी करायचीच तर लोखंडी पट्ट्यांचा नटबोल्टचा रॅक करा, किराणा दुकानांतून असतो तो. तीन फूट रुंद, फूटभर खोल, सहा फूट उंच. दुकान बंद करणारे, जागा बदलणारे तो विकत असतात. मिस्टरांना एमआयडीसीत कुणाकडे जुना पडलाय का ते विचारायला सांगा. एवढं काम त्यांच्याकडे द्याच, त्यातून ते या बेतात शिरतील. नवा घ्यायचा झाला तर दोन-तीन ठिकाणी भाव करा. मशीनच्या कडेला उभा करा, नटबोल्ट पक्के आवळा आणि जड सामान खालीच ठेवा, म्हणजे डुलणार नाही. समोर जुन्या साडीचा पडदा लावलात की धूळही नाही आणि मिस्टरांच्या डोळ्यांना "चिंध्या"ही नाहीत. बरण्या विकत आणू नका. गोळ्या-बिस्किटांच्या रिकाम्या बरण्यांचं किराणावाल्याला सांगून ठेवा. कापड दुकानात ताग्याच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या फेकून देतात. त्यांतली एक मागून आणा, चालू गोधडी तिच्यावर गुंडाळली तर घड्या पडत नाहीत.

या रॅकचा कमरेच्या उंचीचा एक कप्पा मात्र पूर्ण मोकळा ठेवा. तो अर्धवट कामाचा. सुताराकडून प्लायचा उरलेला तुकडा आणा, दीड फूट बाय फूटभर, कडेनं बोटभर उंचीची पट्टी मारून. मशीनचं जे काम चालू असेल ते सगळं त्या फळीवर: कापलेले तुकडे, त्याच रंगाचं रीळ, चेन, आणि पुढची पायरी लिहिलेला कागद. "अस्तर जोडलं, बंद राहिले." उठायची वेळ झाली की फळी आहे तशी उचलून कप्प्यात सरकवायची. दुसऱ्या दिवशी तीच बाहेर. तुमचा पाऊण तास इथे वाचणार आहे. एका वेळी मशीनची एक फळी आणि गोधडीची एक गुंडाळी. एक संपल्याशिवाय तिसरं काम हातात घ्यायचं नाही. हा नियम तुम्हाला जाचेल. नवीन कापड दिसलं की हात शिवशिवतात, हे शिवणाऱ्या प्रत्येकीचं आहे. पण चालू कामांची गर्दी झाली की १० बाय १२ ची खोली काय, अख्खा वाडा पुरायचा नाही.

पावसाळ्यापुरतं एवढं बघा. लोकर आणि रेशीम सोडून कशालाही डांबरगोळ्या लागत नाहीत. सुती कापडात वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरे. दमट कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलं की बुरशी धरते. सुया गंजतात, त्या मशीनच्या तेलाचा हात लावलेल्या फलाटीनच्या तुकड्यात खोचून ठेवा.

सुईवरून सासूबाईंकडे येते. ताई, या बाबतीत त्या बरोबर आहेत. तुमच्या पत्रात त्यांचा राग आणि मिस्टरांचं बोलणं एकाच वाक्यात आलंय, पण ते एक नाही. सासूबाईंनी गोधडीला नावं ठेवली नाहीत, त्यांच्या टाचेत सुई गेली. घरात म्हातारं माणूस असताना चटईत सुई राहणं चालणारच नाही. त्यातून त्यांना साखरेचा त्रास असेल तर पायाची जखम साधी समजू नये. उपाय सोपा आहे. गोधडीच्या सुया पाचच बाहेर काढायच्या, उशीत टोचलेल्या, आणि आवरताना मोजून पाच परत. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणी अनवाणी फिरायचं नाही. जुन्या बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून घ्या, फडक्यात बांधून चटईवरून फिरवलं की सुई, टाचणी चिकटून येते. मशीनची मोडलेली सुई केरात टाकू नका, एका छोट्या बाटलीत साठवा. हे सगळं सासूबाईंच्या देखत करा. त्यांच्या पिढीतल्या बायकांनी हातानं वाकळा शिवल्या आहेत. कडेपासून आत भोवतीभोवतीनं धावदोरा कसा घ्यायचा हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असण्याची शक्यता आहे. विचारून तर बघा.

मिस्टरांचं वाक्य लागण्यासारखंच आहे. ते रागात बोलले, पण त्यांना काय दिसतं तेही बघा: शिफ्ट करून दमून आलेल्या माणसाला पाय पसरायच्या जागी पोती. तुम्ही कमावता किती हे त्यांना माहीत आहे का? पत्रावरून मला वाटतं की ते नीटसं तुम्हालाही माहीत नाही. गोधडीचे पैसे आले की दूध, फी, किराणा यांत विरघळून जातात. एक वही घाला. तारीख, काय शिवलं, सामानाला किती गेले, किती आले. ही वही त्यांना हरवण्यासाठी नको, घरात बोलायला आकडे असावेत म्हणून हवी. आणि ज्यांच्या शिवणातून पैसा येत नाही अशा वाचकांनी असं समजू नये की त्यांना कोपरा मागायचा हक्क नाही. मनाला विरंगुळा म्हणून केलेल्या कामालाही घरात जागा असावी, असं माझं स्वच्छ मत आहे. पण मागताना "मला जागा हवी" असं मोघम मागू नका. "खिडकीजवळचा हा तीन फुटांचा कोपरा, दुपारी अमुक ते अमुक, आणि संध्याकाळी तुम्ही यायच्या आत जमीन मोकळी," असं मागा. मोघम मागणीला मोघम नकार मिळतो.

पुराचं राहिलं. गावभागातल्या तळमजल्याला उंच फळी हा उपाय नाही; २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर, म्हणजे धोक्याच्या पातळीच्याही बारा फूट वर गेलं होतं, तिथे सहा फुटी रॅकचं काय घेऊन बसलात. उपयोग होतो तो चटकन उचलून नेता येण्याचा. म्हणून बरण्या, गठ्ठे सगळं अशा दोन चेनच्या पिशव्यांत मावेल एवढंच ठेवा आणि त्या पिशव्या तुम्हीच शिवा. मशीनचं डोकं बिजागरीच्या दोन स्क्रूंवर असतं. पट्टा उतरवून ते स्क्रू सैल केले की डोकं सुटं निघतं; वजनदार असतं, दोघांनी उचलावं. लोखंडी सांगाडा भिजला तर पुसून तेल घालून चालतो, डोक्यात गाळ गेला की दुरुस्तीवाला धरावा लागतो. ते स्क्रू आज सुटतात का बघून ठेवा, वर्षानुवर्षं गंजून बसलेले असतात. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं की डोकं वर पोचवा, ४५ ची धोक्याची पातळी गाठायची वाट बघू नका.

याच विषयावर आणखीही पत्रं आली आहेत. क्रोशावाल्यांना मी कोपरा मागायलाही सांगणार नाही. तुमचं काम एका पिशवीत राहतं, फक्त प्रत्येक कामाची पिशवी वेगळी ठेवा आणि सुईचा नंबर आत लिहून ठेवा. रेझिनचं, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या रसायनाचं, काम करणाऱ्या साताऱ्याच्या मैत्रिणीला मात्र कळकळीनं सांगते, ते स्वयंपाकघरात करू नका. हवा खेळती हवी, हातमोजे हवेत, आणि त्यासाठी वापरलेली वाटी-चमचा पुन्हा जेवणाच्या भांड्यांत मिसळायचा नाही. गॅलरी नसेल तर तो छंद त्या घरासाठी नाही, दुसरा शोधा.

तर ताई, पहिले पंधरा दिवस काहीही विकत आणू नका. साड्या निवडा, गठ्ठे बांधा, दाराचे खिसे शिवा. मग दिवा. मग रॅक, जुना मिळाला तर. या सगळ्यानंतर ५,००० पैकी बरेच उरायला हवेत. त्यातून बसायला पाठ असलेली, मशीनच्या उंचीची खुर्ची घ्या, स्टूलवर बसून कंबर गेली की सगळाच बेत बसला. आणि त्या खोलीवाल्या बाईंना सध्या नको म्हणून कळवा, उगाच अडकवून ठेवू नका. वहीत सलग सहा महिने, खर्च वजा जाता, महिन्याला चार-पाच हजार शिल्लक दिसली तर मला पुन्हा लिहा. शिवणारी आणखी एखादी जोडीदारीण मिळून भाडं निम्मं होतंय का, तेही तोवर विचारून ठेवा.